तेविसावं घर

गणित विभागाच्या प्रयोगशाळेत चोवीस संगणक होते आणि एकालाही माऊस नव्हता. चोवीसच्या चोवीस माऊस सरांच्या टेबलाच्या खालच्या खणात वायरी गुंडाळून कुलपात ठेवलेले होते. किल्ली सरांच्या पाकिटात, एसटीच्या पासामागे. जून महिन्यात नवीन वर्ग आला, की कुणीतरी धीटपणे विचारायचंच, "सर, माऊस?" मग सर चष्म्याच्या वरून बघत म्हणायचे, "देवानं दहा बोटं दिल्यात न्हवं? मग एका बोटानं टिचक्या मारत बसायची हौस कशाला?"

मी त्या विभागात तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्यांचं मानधन, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही कॉलेजात आहात की नाहीत हे कॉलेजलाही माहीत नसतं. अशी नऊ वर्षं मी काढली. सरांना आणि मला मिळून एकच टेबल होतं. सर त्याच्या खिडकीकडच्या बाजूला बसत, मी दाराकडच्या. विभागप्रमुखाला वेगळी केबिन मिळते, पण सरांनी ती रद्दी ठेवायला दिली होती. "केबिनीत बसलं की माणसाला वाटाय लागतंय आपल्याला काय तरी येतंय," हे त्याचं कारण.

त्यांच्यापुढे जो संगणक होता त्यावर दिवसभर एक काळी खिडकी उघडी असे आणि तिच्यात पांढरे आकडे. फुकटात मिळणारा, सगळा कीबोर्डवर चालणारा हिशेबाचा प्रोग्रॅम होता तो. बेरजा-वजाबाक्या तर झाल्याच, पण संकलन, विकलन, मॅट्रिक्स, सगळं त्याला येई. एक तृतीयांश दिला तर तो एक तृतीयांशच ठेवी, आणि वर्तुळाचा पाय दिला तर आपण मागेपर्यंत त्याचे आकडे करत नसे. त्याला चांगलं नाव होतं, पण सर त्याला 'म्हातारी' म्हणत. "कमी बोलती आन खोटं बोलत न्हाय. आमच्या आज्जीसारखी." कुणी काही शंका काढली की सर म्हणत, "थांब, म्हातारीला विचारतो."

म्हातारीची एक रीत होती. दोन अधिक तीन असं तिला चालायचं नाही. आधी दोन द्यायचे, मग तीन द्यायचे, आणि मग अधिक. दुरडीत भाकरीवर भाकरी पडावी तसे आकडे एकावर एक साठत, आणि खूण दाबली की वरचे दोन उचलून त्यांचं काय ते होई. कंस नाहीत, बरोबरचं चिन्ह नाही. पोरं पहिला महिनाभर रडकुंडीला येत. सर समजवायचे, "आधी माणसं बसवावीत, मग वाढाय घ्यावं. तू वाढपी उभा केलास आन पंगतच न्हाय."

ही रीत पुढे सरांच्या तोंडात शिरली, की सरांच्या तोंडातून म्हातारीत गेली, ते आता सांगता येणार नाही. कॉलेजसमोरच्या चहाच्या गाड्यावर सर म्हणायचे, "दोन. एक बिनसाखरेचा. खारी. दे." गाडेवाला 'दे' ऐकू येईपर्यंत ढवळणं थांबवून उभा राही. नवखा पोऱ्या असला की 'दोन' ऐकूनच कप भरायला घेई, आणि सर त्याला हात करून थांबवत. काकू, म्हणजे सरांची बायको, एकदा मला म्हणाल्या होत्या, "आमच्या लग्नात ह्यांनी आधी अक्षता टाकल्या आन मग मंगलाष्टकं ऐकली." काकूंचं सगळंच खरं धरायचं नसतं, पण हे मी धरलं आहे.

दुसरं वेड म्हणजे आकडा तोडायचा नाही. उत्तर एक तृतीयांश असताना एखाद्या पोरीनं शून्य पूर्णांक तेहतीस लिहिलं, की सर वही तिच्यासमोर धरत. "बाकीचे तीन कुठं हायत? घरी ठिवून आलीस?" ते रोज कुरुंदवाडहून एसटीनं येत. परतीच्या वेळी मी एकदा त्यांच्याबरोबर स्टँडवर उभा होतो. कंट्रोलरनं सांगितलं, गाडी पंधरा-वीस मिनिटांत लागेल. सरांनी विचारलं, "पंधरा का वीस?" कंट्रोलरनं त्यांना खालून वर बघितलं आणि म्हणाला, "पावणं, आली की आली म्हणायचं." सर एवढे खूश झाले की आठवडाभर ते वाक्य वर्गात सांगत होते. "बघा, त्याला माहीत न्हाय आन त्यानं माहीत हाय असं सांगितलं न्हाय. ह्याला म्हणायचं गणिती."

मला मात्र सगळं माहीत असल्यासारखं बोलायची सवय होती, आणि सर माझी सालटी काढत. शिव्या देत म्हटलं तरी चालेल. "गाढवा", "टोणग्या", "लेका, डोस्क्यात काय भुस्सा भरलायस?" हे नेहमीचं. एकदा भर वर्गात, माझ्याच विद्यार्थ्यांसमोर, "तुला ज्यानं एम.एस्सी. दिली त्याला धरून आण" असं म्हणाले होते. आमच्याकडे ज्याच्याशी काही घेणं-देणं नाही त्याला माणूस गोड बोलतो. कोल्हापुरात तुम्हाला कुणी नीट बोलायला लागलं, तर आपलं काय चुकलं ते आठवून बघावं. विभागात पाच माणसं होती आणि शिव्या फक्त मला होत्या. बाकीचे मला हसत. मला आतून बरं वाटायचं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

एका वर्षी कॉलेज तपासायला बाहेरून समिती आली. प्राचार्यांना आठ दिवस आधीपासून घाम. त्यांनी सरांना निरोपावर निरोप धाडले, दोन दिवसांपुरते तरी माऊस लावा. सरांनी लावले नाहीत. समितीतल्या बाईंनी प्रयोगशाळेत येऊन टेबलावर हात फिरवला आणि विचारलं, "यांना माऊस नाहीत का?"

"हायत की. खणात हायत," सर म्हणाले.

"मग विद्यार्थी काम कसं करतात?"

सरांनी पुढच्या बाकावरच्या पोरीला खूण केली. तिनं मान खाली घालून दहा-बारा कळा दाबल्या आणि एक अवघड संकलन सोडवून दाखवलं. आकड्यांत नव्हे, क्ष-य अशा अक्षरांत. बाई बघत राहिल्या. अहवाल आला तेव्हा 'विभागाचे वैशिष्ट्यपूर्ण उपक्रम' या मथळ्याखाली 'माऊसविरहित प्रयोगशाळा' असं छापून आलं होतं. प्राचार्यांनी त्याची चौकट करून जिन्यात लावली, आणि पुढच्या सभेत ही मूळ कल्पना आपलीच असल्याचं सूचित केलं. सर म्हणाले, "असू दे. न्हायतर माऊस खणातनं भाईर काढाय लागलं असतं."

आता माझ्या पीएच.डी.कडे यायला हवं. ते टाळत टाळतच मी इथवर आलो आहे.

कायमच्या जागेला पीएच.डी. लागते. माझी सात वर्षं रखडली होती. सासरे कबनूरचे, घरात आठ यंत्रमाग. दर दिवाळीला ते एकच प्रश्न विचारत, "मग, झालं का पर्मनंट?" मागाच्या आवाजामुळे त्यांना मोठ्यानं बोलायची सवय, त्यामुळे गल्लीला प्रश्नही कळे आणि उत्तरही. शेवटी एकदाचा माझा प्रबंध होत आला. एक अनंत श्रेणी आणि एक आटोपशीर सूत्र, ही दोन्ही नेहमी तंतोतंत सारखी असतात, असा माझा दावा होता. चौथ्या प्रकरणात त्याची सिद्धता होती, आणि सिद्धतेच्या मध्यावर 'यावरून हे उघड आहे' अशी एक ओळ होती. सोबत पन्नास उदाहरणांचं कोष्टक. डावीकडे श्रेणीची किंमत, मध्ये सूत्राची, आणि उजवीकडे दोन्हींतला फरक: शून्य, शून्य, शून्य, पानभर शून्य. ते मी माझ्या लॅपटॉपवर काढलं होतं आणि मला ते पान इतकं आवडायचं की मी त्याची जादा प्रत काढून बॅगेत ठेवली होती.

त्याच महिन्यात आमच्याच कॉलेजात गणिताची एक जागा निघाली. अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत पदवी हातात असणं गरजेचं होतं. प्रबंध लगेच गेला तर जेमतेम जमत होतं. मी सरांना ते पान दाखवलं. दुरुस्तीसाठी नाही. कौतुक व्हावं म्हणून.

खोलीत आलेला कुठलाही आकडा म्हातारीला दाखवायचा, ही सरांची सवय. त्यांनी पान शेजारी ठेवलं, एक कळ दाबली, साठ असं टाइप केलं, म्हणजे इथून पुढे साठ आकड्यांपर्यंत हिशेब कर, आणि पहिली ओळ घालायला घेतली. मी चहा आणायला गेलो. परत आलो तेव्हा पान घडी करून माझ्या बाजूला ठेवलेलं होतं. सर म्हणाले, "खारी न्हाय आणलीस?" बाकी काही नाही.

पुढच्या तीन दिवसांत एक शिवीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी प्रॅक्टिकल संपल्यावर मला घेऊन ते सायकल स्टँडच्या पत्र्याखाली आले. तिथं त्या वेळी कुणी नसतं.

"तुझं शून्य हाय न्हवं, ते शून्य न्हाय."

मी म्हणालो, "म्हणजे?"

"दशांशाच्या पुढं बावीस घरं शून्य हाय. तेविसाव्या घरात चार हाय. मला वाटलं म्हातारीचं चुकलं असंल, म्हणून शंभर आकड्यांवर घालून बघितलं. चार हायच. सातव्या ओळीत सात हाय. तुझा लॅपटॉप पंधरा-सोळा घरांच्या पुढं बघतच न्हाय, त्यो काय सांगणार? ती दोन्ही सारखी न्हाईत, लेका. लई जवळ हायत, पण सारखी न्हाईत."

"पण सिद्धता आहे ना, सर."

"जिथं 'उघड हाय' लिवलंयस, तिथंच गेलंय ते. मी बघितलं."

मला आधी राग आला. भीती नंतर आली, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. सात वर्षं, घरचं सगळं, आणि हा माणूस एका काळ्या खिडकीत बोटं आपटून मला सांगतोय की चार आहे. मी म्हणालो, "सर, तेविसावं घर कोण बघतंय?"

"मी बघितलं की," सर म्हणाले.

मग त्यांनी वाटही सांगितली. 'समान' हा शब्द काढून टाक, 'जवळजवळ समान' लिही, आणि किती जवळ ते सिद्ध कर. ते काम खोटं नाही, उलट जास्त चांगलं आहे. सहा महिने लागतील. "मी बसतो तुझ्याबरोबर. रोजची शेवटची एसटी घीन. टोणग्या, एवढं सुदिक येत न्हाय व्हय तुला?" शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. सहा महिन्यांनी ती जागा भरली गेलेली असणार, हे त्यांनाही माहीत होतं. पुढची जागा कधी निघेल हे तर कंट्रोलरसुद्धा सांगू शकला नसता.

मी माझ्या मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, हे सगळं नंतर एखाद्या शोधनिबंधात बघू, आता सादर करा. बायकोला सांगितलं. तिला गणित कळत नाही, पण तारीख कळत होती. ती काहीच बोलली नाही आणि त्या रात्री मी तिचं न बोलणं माझ्या सोयीनं वाचलं. प्रबंध आहे तसा गेला. बांधणीवाल्याकडे बसलो असताना चौथं प्रकरण उघडून 'उघड आहे' च्या ऐवजी 'सहज दाखवता येते' एवढा बदल मी केला. माझ्या आयुष्यात मी केलेली सर्वांत लबाड दुरुस्ती ती.

सरांना मी ते सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. शिव्या पुन्हा सुरू झाल्या. मला वाटलं, मिटलं.

मौखिक परीक्षा खुली असते. कुणीही येऊन बसू शकतं, कुणीही प्रश्न विचारू शकतं. प्रत्यक्षात कुणी विचारत नाही, कारण पुढे जेवण असतं. हॉलमध्ये पहिल्या रांगेत माझी बायको आणि सासरे होते. सासऱ्यांच्या मांडीवर हाराची पिशवी. तिसऱ्या रांगेत सर. इस्त्रीचा शर्ट घातलेलं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन-तीन प्रश्न विचारले, तेही पहिल्याच प्रकरणातले. मग अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?"

सर उभे राहिले.

सरांच्या हातात कागद नव्हता. ते कुणाकडे न बघता, एरवी कधी बोलत नसत तसल्या छापील मराठीत म्हणाले, "चौथ्या प्रकरणातलं कोष्टक किती दशांश स्थळांपर्यंत तपासलेलं आहे?"

एवढंच. चुकलंय असं नाही, चार आहे असं नाही. मला पंधरा म्हणता आलं असतं. पंधरा हे खरं उत्तर होतं. पंधरा म्हटलं असतं तर परीक्षकांनी एखादी दुरुस्ती सुचवली असती, महिनाभर लागला असता, जागा कदाचित गेली असती, कदाचित नसतीही. त्यांनी माझ्यासाठी दार किलकिलं करून धरलं होतं आणि आत ढकलायलाही कुणी नव्हतं, माझं मीच जायचं होतं. हे मला पुढे कळलं असं नाही. मला तिथं, त्या क्षणी, पुरतं कळलेलं होतं.

मी सासऱ्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणालो, "पुरेशा, सर."

परीक्षक हसले. त्यांना ते चतुर उत्तर वाटलं. अध्यक्षही हसले, मग सगळा हॉल. सर म्हणाले, "बरं," आणि खाली बसले.

जेवणाच्या वेळी मी त्यांच्यासमोर पेढ्याचा बॉक्स धरला. त्यांनी एक पेढा उचलला, सगळा खाल्ला, रुमालानं हात पुसला आणि माझ्याशी हात मिळवत म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर. तुम्ही लई कष्ट केलेत."

मला जागा मिळाली. सरांच्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी विभागही माझ्याकडे आला. माऊस आता बाहेर आहेत, पोरांना सोयीचं पडतं. प्रबंधाची प्रत ग्रंथालयात आहे आणि मी मधूनमधून जाऊन बघतो, ती आजवर कुणी नेलेली नाही. म्हणजे तेविसावं घर खरंच कुणी बघितलं नाही. मी म्हणालो होतो तेच झालं.

निवृत्त होईपर्यंतच्या दोन वर्षांत सरांनी मला एकही शिवी दिली नाही. माझं काही चुकलं तर ते म्हणायचे, "तुम्ही एकदा बघून घ्या." नव्या पोरांना गाढव म्हणत, शिपायाला अरे-तुरे करत, प्राचार्यांनाही एकदा टोणगा म्हणाले. मला तेवढं अहो. सहकाऱ्यांना वाटे, पदवीचा केवढा मान राखतात. एकानं तर माझं उदाहरण देऊन आपल्या मुलाला पीएच.डी.ला बसवलं.

गेल्या वर्षी मी दुरुस्तीचं एक पान लिहिलं. समान नव्हे, जवळजवळ समान, आणि किती जवळ त्याची सिद्धता. सरांनी सांगितलेली वाट बरोबर होती, फक्त सहा महिन्यांच्या जागी मला एकट्याला अकरा लागले. छापायला पाठवण्याआधी त्यांना दाखवावं म्हणून ते पान घेऊन मी कुरुंदवाडला गेलो. दारात काकू होत्या. "अरं, ये की. किती वाळलायस," म्हणत त्यांनी मला आत घेतलं. सर खाटेवर बसून पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "या. बसा."

मी बसलो. पान दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं. आत जाऊन घरच्या संगणकातल्या म्हातारीवर काहीतरी घालून बघितलं, कळांचा आवाज मला बाहेर येत होता. आले आणि पान माझ्या हातात देत म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पाठवा."

मी म्हणालो, "सर, त्या दिवशी मी..." सरांनी वाट बघितली. मग पेपर पुन्हा उचलला.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी मला कप दिला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्याला अहो-जाहो कधीपास्नं? घरातल्या पोरावानी शिव्या घालायचा की तुम्ही."

"मोठी माणसं हायत ती," सर म्हणाले. "डॉक्टर हायत."

काकू हसल्या. म्हणून मीही हसलो. सरांनी पेपरचं पान उलटलं.